ग्रुपवरचं पुस्तकात नेण्याआधी

एप्रिल 2021 मधली एक पहाट. चार वाजून दहा मिनिटांनी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला : ‘आई गेली. कुणी खाली येऊ नका. दारं लावून घ्या.’ लिहिणारा मुलगा स्वतःही पॉझिटिव्ह होता. त्या दिवसांत धड झोप कुणालाच नव्हती. पाच-दहा मिनिटांत तीस-चाळीस उत्तरं आली, आणि त्याने सांगितल्याप्रमाणे खाली कुणी गेलं नाही.

चार वर्षांनी सोसायटीचा रौप्यमहोत्सव आला. स्मरणिका काढायचं ठरलं आणि संपादनाचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच बैठकीत कुणीतरी सुचवलं, ‘कोविडच्या वेळचे ग्रुपवरचे मेसेज छापू या. तेवढ्यावर पुस्तक होईल.’ कल्पना खरोखर चांगली होती. भाजीच्या पिशव्या कुठल्या जिन्यात ठेवल्या, कुणी कुणाला डबा दिला, ऑक्सिमीटर कुठल्या घरातून कुठल्या घरात फिरला, हे सगळं त्या मेसेजमध्ये होतं. पहाटेचा तो मेसेज पहिल्याच पानावर घ्यावा, यावर समितीचं एकमत होतं.

मी त्या मुलाला जिन्यात गाठून विचारलं. तो कठड्याला धरून थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, ‘काका, ते मी आपल्या चौसष्ट घरांना सांगितलं होतं.’ तो चिडला नाही, सरळ ‘नको’ही म्हणाला नाही. पण मला काय ते कळलं. मेसेज स्मरणिकेत घेतला नाही.

अशी पुस्तकं आता बरीच निघतात. दहावीच्या बॅचची, दरवर्षी एकत्र वारीला जाणाऱ्या दिंडीची, डायलिसिसवरच्या रुग्णांच्या नातेवाइकांची, आजोबांच्या वर्षश्राद्धाला घरच्यांनी काढलेली छोटी पुस्तिका. मजकूर टाईप केलेला हाताशी असतो, भाषा जिवंत असते, आणि लिहिणारे आपलेच लोक असतात. त्यामुळे ‘आपलंच तर आहे’ असं वाटतं. मलाही वाटलं होतं. म्हणून असं काम हाती घेणाऱ्यांना काय काय बघावं लागतं, ते इथे लिहितो आहे.

पहिला प्रश्न हक्काचा. मेसेज आपल्या फोनमध्ये आहे म्हणजे तो आपला झाला का? पत्रांच्या बाबतीत हा प्रश्न फार जुना आहे. एडमंड कर्ल नावाच्या इंग्लंडमधल्या प्रकाशकाने अलेक्झांडर पोप आणि जोनाथन स्विफ्ट यांचा पत्रव्यवहार न विचारता छापला, तेव्हा पोप कोर्टात गेले. 1741 मध्ये निकाल लागला : पत्राचा कागद ज्याला पत्र आलं त्याचा, पण मजकूर छापायचा अधिकार लिहिणाऱ्याचा. यातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की पोप यांना मनाई हुकूम मिळाला तो त्यांनी स्वतः लिहिलेल्या पत्रांपुरता. स्विफ्टनी त्यांना लिहिलेली पत्रं त्यांच्या घरात असली, तरी तेवढ्यावरून त्यांना हक्क सांगता आला नाही. ग्रुपचंही तसंच आहे. तुम्ही लिहिलेलं तुम्ही छापू शकता. त्याखाली आलेली वीस उत्तरं वीस जणांची आहेत.

मराठी वाचकाला याचं जवळचं उदाहरण सापडेल. जी. ए. कुलकर्णी लोकांपासून दूर राहणारे लेखक. त्यांची पत्रं त्यांच्या निधनानंतर खंडांमधून आली, आणि सुनीता देशपांडे यांनी त्यांना लिहिलेली पत्रं ‘प्रिय जी. ए.’ या नावाने स्वतंत्र पुस्तकात आली. पत्रव्यवहार एकच होता. पण दोन टोकांना दोन लेखक होते, म्हणून पुस्तकंही दोन झाली.

आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा आहे. लेखनाचा पहिला मालक साधारणपणे लेखकच, आणि त्यासाठी कुठेही नोंदणी करावी लागत नाही. ‘गुड मॉर्निंग’ किंवा ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ यांवर कुणी हक्क सांगणार नाही. पण आजारातून उठलेल्या शेजाऱ्याने रात्री बसून लिहिलेल्या दहा ओळी हे त्याचं लेखन आहे. परीक्षणासाठी किंवा टीकेसाठी थोडा भाग उद्धृत करायची मुभा कायद्यात आहे. मात्र दहा ओळींचा मेसेज पूर्णच्या पूर्ण घेऊन त्याला ‘अवतरण’ म्हणणं त्यात बसणं अवघड आहे. ‘मग आपल्या शब्दांत लिहू’ असंही बैठकीत कुणीतरी सुचवतंच. अमेरिकेत जे. डी. सॅलिंजर यांच्या चरित्रकाराने त्यांच्या अप्रकाशित पत्रांतला मजकूर शब्द थोडे फिरवून वापरला होता. 1987 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने तेही अडवलं. तो निकाल भारतात बंधनकारक नाही, पण वाक्य थोडं फिरवल्याने ते आपलं होत नाही, हे कुणाही लिहिणाऱ्याला पटावं.

परवानगी द्यायला अॅडमिन तरी कोण? आमच्याकडे सुरुवातीला हाच घोटाळा झाला. अॅडमिन म्हणाले, ‘माझी काही हरकत नाही,’ आणि सगळ्यांना वाटलं काम झालं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये एका प्रकरणात म्हटलं, की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. कोर्टाच्या म्हणण्याप्रमाणे माणसं घेणं आणि काढणं एवढाच त्याचा अधिकार, मजकूर टाकला जाण्याआधी तो काही तपासू शकत नाही. खटला वेगळ्या मुद्द्यावरचा होता. पण ज्याच्याकडे मजकुराची जबाबदारी नाही, त्याच्याकडे तो मजकूर वाटून टाकायचा हक्क कुठून येणार? परवानगी ज्याची त्याने द्यायची.

हक्काचा प्रश्न एकवेळ सोपा म्हणायचा. त्याहून नाजूक भाग खासगीपणाचा आहे, कारण तिथे मेसेज लिहिणाऱ्याची परवानगीही पुरत नाही.

आमच्या ग्रुपवरच्या एका मेसेजचं उदाहरण देतो. एका वहिनींनी लिहिलं होतं, ‘आमच्याकडे येणाऱ्या ताई पॉझिटिव्ह आल्या आहेत, त्या अमक्या दोन घरीही जातात, त्यांनी टेस्ट करून घ्या.’ वहिनींनी आनंदाने परवानगी दिली. मेसेज गरजेचा होता, वेळेवर आला होता, त्यामुळे दोन घरं सावध झाली होती. पण आजार ज्यांचा, त्या ताई ग्रुपवर नव्हत्या. आपला आजार 64 घरांत जाहीर झाला हे त्यांना त्या वेळी तरी कुणी सांगितलं होतं का, कोण जाणे. आता चार वर्षांनी तो छापील पुस्तकात कायमचा जाणार होता. त्या अजूनही दोन घरी कामाला येतात. आम्ही तो मेसेज गाळला.

म्हणून प्रत्येक मेसेज दोनदा वाचा. पहिल्यांदा लिहिणारा कोण हे बघा. दुसऱ्यांदा त्यात कुणाबद्दल लिहिलं आहे ते बघा. सून, जावई, वॉचमन, डॉक्टर, घर सोडून गेलेले भाडेकरू, शाळकरी मुलगा. यातले बरेचजण ग्रुपवर नसतात आणि त्यांच्याबद्दल सगळ्यांत जास्त तिथेच बोललं जातं.

कोविडच्या मेसेजमध्ये आणखी एक प्रकार होता. ‘प्लाझ्मा हवा आहे’, ‘रेमडेसिव्हिर कुठे मिळेल’, ‘ऑक्सिजन बेड तातडीने’. रुग्णाचं पूर्ण नाव, वय, रक्तगट, हॉस्पिटल, नातेवाइकाचा मोबाईल नंबर. त्या आठवड्यात हे मेसेज पुढे पाठवणं हेच माणुसकीचं काम होतं, आणि मीही शेकडो पाठवले. पण ते पाठवण्याचं कारण त्या रात्रीपुरतं होतं. रुग्ण कुठला, तो वाचला की गेला, आपल्याला माहीत नाही. विचारायचं तरी कुणाला? अशा मेसेजमधून एकही नाव, एकही नंबर छापू नका. ‘एका रात्रीत प्लाझ्मासाठी सतरा मेसेज आले’ असं एक वाक्य संपादकाने स्वतः लिहिलं की त्या रात्रीचं चित्र उभं राहतं.

‘नाव काढून टाकू’ हा उपाय सगळ्यांना लगेच सुचतो. बाहेरच्या वाचकासाठी तो चालतो, पण अशी पुस्तकं वाचतात ती ओळखीचीच माणसं. ‘बी विंगमधल्या एक निवृत्त शिक्षिका, ज्यांची मुलगी नेदरलँड्सला असते’ असं लिहिलं, की आमच्या सोसायटीतलं लहान मूलही दार दाखवेल. नाव गेलं तरी विंग, व्यवसाय, गावाचं नाव, तारीख, बोलायची लकब यांतून माणूस ओळखू येतो. लंडनच्या चॅटम हाऊस संस्थेत 1927 पासून एक नियम आहे : बैठकीत जे ऐकलं ते बाहेर वापरता येतं, पण ते कोण बोललं किंवा बैठकीला कोण होतं, हे सांगायचं नाही. तिथे चर्चा धोरणांची, त्यामुळे नियम चालतो. आपल्याकडे चर्चा घरातल्या दुखण्यांची. ओळख पुसायचीच असेल तर विंग काढा, दिवस काढून महिना ठेवा, नातं मोघम करा, आणि मग तो मजकूर ग्रुपमधल्याच पण समितीबाहेरच्या एखाद्या विश्वासू माणसाला दाखवा. त्यांनी ओळखलं, तर ओळख पुसली गेलेली नाही. अशा वेळी दोनच मार्ग : त्या व्यक्तीला विचारा किंवा मजकूर सोडा.

काही बाबतींत कायदा फारच कडक आहे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख छापणं हा गुन्हा आहे. विश्वासाने सांगितलेली कुणाची एचआयव्हीची स्थिती त्या व्यक्तीच्या जाणत्या संमतीशिवाय उघड करायला 2017 च्या कायद्याने मनाई आहे. रुग्णांच्या किंवा व्यसनमुक्तीच्या गटाचं पुस्तक करणाऱ्यांनी वकिलाला आधी दाखवल्याशिवाय छापखान्यात जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितलं. त्यानंतर 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. एखाद्याने निव्वळ व्यक्तिगत किंवा घरगुती कामासाठी माहिती वापरली, तर तो लागू होत नाही. सोसायटीची, संस्थेची, वर्गणी काढून छापलेली स्मरणिका ‘घरगुती’ म्हणून खपेल, असं मात्र गृहीत धरू नका. तो कायदा तुमच्या पुस्तकाला लागू असो वा नसो, संमतीची त्यातली व्याख्या उचलण्यासारखी आहे. संमती मोकळेपणाने दिलेली हवी, नेमक्या कामासाठी हवी, समजून दिलेली हवी, आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी.

आता आपल्या सोसायट्यांच्या फळ्यावरचं नेहमीचं वाक्य आठवा : ‘हरकत असल्यास आठ दिवसांत कळवावे, अन्यथा संमती गृहीत धरली जाईल.’ पाण्याची टाकी धुवायची असेल तर हे ठीक आहे. माणसाचे शब्द छापण्यासाठी नाही. कुणी गावी गेलेलं असतं, कुणी मेसेज बघत नाही, आणि कुणाला हरकत असते पण एकट्यानेच नकार द्यायचा संकोच वाटतो. ग्रुपवर विचारलं की पहिल्या दहा जणांचे अंगठे पाहून अकरावा अंगठा आपोआप पडतो. तेव्हा ग्रुपवर नुसती कल्पना द्या. परवानगी मात्र एकेकाला वेगळी विचारा.

आम्ही पाठवलेला मजकूर असा होता :

‘नमस्कार वहिनी. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत तुम्ही मे 2020 मध्ये ग्रुपवर लिहिलेला खालचा मजकूर घ्यावा असा विचार आहे. पुस्तक छापील असेल, 150 प्रती, फक्त सभासदांसाठी. पीडीएफ काढणार नाही. नाव कसं द्यायचं ते सांगा, नको असेल तर नावाशिवाय घेऊ. काही ओळी गाळायच्या, बदलायच्या असतील तर तसं कळवा. 10 ऑक्टोबरला पुस्तक छपाईला जाईल, तोपर्यंत केव्हाही मत बदललं तरी चालेल. त्यानंतर छापलेल्या प्रती परत घेता येणार नाहीत. नको असेल तर ‘नको’ एवढंच लिहा, कारण विचारणार नाही. उत्तर आलं नाही तर मजकूर घेणार नाही.’

शेवटच्या वाक्यावर समितीत बराच वाद झाला. ‘मग पुस्तकात उरेल काय?’ असं एक ज्येष्ठ सभासद म्हणाले. प्रत्यक्षात बहुतेकांची उत्तरं आली. काहींनी तर जास्तीचं लिहून पाठवलं, जे ग्रुपवर कधीच आलं नव्हतं. ज्यांनी नाही म्हटलं त्यांना कारण विचारलं नाही, आणि कोण नाही म्हणालं ते बैठकीतही सांगितलं नाही. ही गोष्ट पाळाच. नकार देणाऱ्याचं नाव बाहेर आलं की पुढच्या वेळी कुणी खरं उत्तर देत नाही.

पीडीएफबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण बहुतेक पुस्तकं तिथेच हातातून निसटतात. 150 छापील प्रती 150 कपाटांत जातात. पीडीएफ एका रात्रीत कुठे जाईल याचा नेम नाही, आणि एकदा इंटरनेटवर आली की नावाने शोधणाऱ्या कुणालाही सापडते. छापील प्रतीला मिळालेली परवानगी पीडीएफला चालत नाही. ती वेगळी मागायची. छापखान्याला दिलेली फाईलसुद्धा त्यांच्याकडून पुढे जाणार नाही, एवढं बोलून ठेवा. आणि पुस्तक विकायचं असेल, जाहिराती घेणार असाल, दुसरी आवृत्ती काढायचा विचार असेल, तर तेही विनंतीतच लिहा. कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखी परवानगीत मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरती. मुलं-नातवंडं परदेशात असलेल्या मंडळींच्या पुस्तकाला हे लागू पडतं.

गेलेल्या माणसाचं काय? जिन्यातल्या त्या मुलाच्या आईनेही ग्रुपवर लिहिलं होतं. टाळेबंदीत बाजारातली लोणची मिळेनात, तेव्हा त्यांनी लिंबाच्या उपासाच्या लोणच्याची कृती पाच मेसेजमध्ये सविस्तर दिली होती : लिंबं पुसून कोरडी कशी करायची, किती दिवस उन्हात ठेवायची, बरणी रोज कशी हलवायची. मुलगाच मला नंतर म्हणाला, ‘काका, आईचं लोणचं छापा.’ लेखक गेल्यावर हक्क वारसांकडे जातो आणि साधारणपणे पुढची 60 वर्षं टिकतो. वारस एकटा मुलगा नव्हता, त्याची बहीण नागपूरला असते. तिला फोन केला. ती म्हणाली, ‘छापा, पण आई मिठाचं प्रमाण वाटीने सांगायची, चमच्याने नाही. तो मेसेज दादाने तिच्यासाठी टाईप केला होता.’ आम्ही वाटी केली. बहिणीला विचारलं नसतं तर हे कुणालाच कळलं नसतं.

मुलांच्या मजकुराला आई-वडिलांची परवानगी घ्यायची, आणि समजत्या वयाच्या मुलाला स्वतःलाही विचारायचं. आठव्या वर्षी लिहिलेली कविता चौदाव्या वर्षी वर्गात कुणी वाचून दाखवली तर कसं वाटेल, ते त्यालाच ठाऊक.

फॉरवर्ड आलेला मजकूर मात्र सरळ गाळा. पु. लं.च्या, कुसुमाग्रजांच्या नावाने फिरणाऱ्या कितीतरी ओळी त्यांच्या नाहीत, आणि ज्याच्या आहेत त्याचं नाव वाटेत गळून पडलेलं असतं. परवानगी कुणाची घ्यायची हेच माहीत नसेल तर घ्यायचं कशाला?

भाषा सुधारावी का? शुद्धलेखन सुधारायला कुणी हरकत घेत नाही, रोमन लिपीतलं मराठी देवनागरीत आणावंच लागतं. पण आमच्या वॉचमनकाकांनी ‘म्या रातभर गेटावर व्हतो, कायबी लागलं तर हाक मारा’ असं लिहिलं होतं, ते एका सभासदाने ‘मी रात्रभर गेटवर होतो’ असं करून ठेवलं. मी काकांना दोन्ही दाखवलं. त्यांना पहिलंच हवं होतं. दुसऱ्या एका गृहस्थांनी उलट सांगितलं, ‘माझं नीट मराठीत करा, गावचं ठेवू नका.’ दोघांचंही बरोबर. मजकूर विकृत होऊ न देण्याचा लेखकाचा हक्क कायद्यातही वेगळा सांगितला आहे, आणि तो कॉपीराइट दुसऱ्याला दिल्यावरही राहतो. म्हणून अंतिम प्रूफ ज्याचं त्याला दाखवा, निदान त्याच्या पानाचा फोटो पाठवा.

तांत्रिक बाजूच्या एक-दोन गोष्टी सांगतो. व्हॉट्सअॅपवरून चॅट एक्स्पोर्ट केलं की एका साध्या फाईलीत सगळं येतं, पण नावं तुमच्या फोनमध्ये जशी सेव्ह असतील तशी. ‘नवीन भाडेकरू’, ‘304 थकबाकी’ अशा नोंदी त्यात जशाच्या तशा उतरतात. ती फाईल समितीत वाटण्याआधी साफ करा. कोणतं उत्तर कोणत्या मेसेजला होतं, ते त्या फाईलीत दिसत नाही. एका घरच्या मृत्यूच्या बातमीखाली दुसऱ्या घरच्या वाढदिवसाचं ‘अभिनंदन!’ छापलं जाता जाता वाचलं, ते केवळ मी मूळ ग्रुपवर जाऊन ताडून पाहिलं म्हणून. ज्या ग्रुपवर मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू आहे, किंवा एक्स्पोर्ट बंद केलेलं आहे, तिथल्या लोकांनी आपला इरादा आधीच सांगितलेला असतो. स्क्रीनशॉट काढून त्यावर मात करू नका.

परवानग्यांची उत्तरं आम्ही एका फोल्डरमध्ये ठेवली आहेत, ज्या मजकुराची त्याच्या नावाने. स्मरणिका वाटून झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी एक्स्पोर्टची मूळ फाईल संगणकावरून काढली, समितीतल्या चौघांनीही आपापल्या फोनवरून ती काढली का, ते एकेकाला फोन करून विचारलं. तिघांनी लगेच ‘हो’ म्हटलं. चौथ्यांना फाईल कुठे सेव्ह झाली आहे तेच सापडेना, तेव्हा संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन आम्ही दोघांनी मिळून ती शोधली.